डिस्क टाकली म्हणजे ब्रेक सुधारला?

आषाढी जवळ आली की पंढरपुरातल्या गॅरेजांपुढे जुन्या टाटा ४०७ गाड्या रांगेनं उभ्या राहतात. दिंडीचे तंबू, भांडी, शिधा भरून आळंदी गाठायची असते. आणि दरवर्षी तोच सल्ला कानावर येतो: "पुढं नव्या पिकअपची डिस्क टाका, गाडी जागेवर थांबते."

नाही थांबत. ही गाडी पुढे वारकऱ्यांच्या गर्दीतून चालणार आहे, म्हणून हे नीट समजून घ्या.

जुन्या गाडीच्या ड्रम ब्रेकमधला पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जातो आणि आपोआप आणखी आवळतो. पायाच्या जोराला ही फुकटची मदत असते. डिस्कच्या पॅडला ती मिळत नाही. म्हणून डिस्कला ऑइलचा दाब जास्त लागतो आणि नव्या गाडीत त्या हिशेबानं बूस्टर व मास्टर सिलेंडर दिलेला असतो. जुन्या बूस्टरवर नुसती डिस्क चढवली की पेडल कडक लागतं, पाय दुखेपर्यंत दाबावं लागतं. कॅलिपरला ऑइल जास्त लागत असेल तर जुना मास्टर सिलेंडर अपुरा पडतो आणि पेडल खोल जातं. ड्रमसाठी लाइनमध्ये थोडा दाब राखणारा व्हॉल्व्ह असेल, तर पॅड सुटत नाहीत आणि चाक तापत राहतं.

वजनाचा विचार तर कुणी करतच नाही! ती डिस्क साडेतीन टनांच्या आतल्या पिकअपसाठी बनलेली. भरलेली ४०७ पाच टनांच्या पुढे जाते. शिवाय पुढच्या-मागच्या ब्रेकचा मेळ बिघडतो. पुढची चाकं आधी लॉक झाली तर स्टेअरिंग फिरवूनही गाडी सरळ घसरते. मागची आधी झाली तर मागचा भागच फिरतो.

"नव्या गाडीचे पाटे कमी, म्हणजे कमजोर" हेही खोटं. नव्या गाडीचा पॅराबोलिक पाटा मधे जाड आणि टोकांकडे पातळ असतो, त्यामुळे ताण सगळीकडे सारखा पसरतो. पण तो जुन्या एक्सलवर अंदाजानं बसवला, उंची बदलली, तर ड्रॅग लिंकचा कोन बिघडतो आणि खड्ड्यात स्टेअरिंग ओढतं.

"डिस्क आहे, दिवेघाट न्यूट्रलवर उतरा" असं सांगणाऱ्याच्या गाडीत बसू नका. उतारावर वेग खालच्या गिअरनं धरायचा.

"आरटीओ असे बदल बघत नाही" म्हणणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल वाचावा. परवानगी नसलेला बदल केल्यास कलम १८२-अ नुसार दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

त्यापेक्षा दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे लायनर, नवी व्हील सिलेंडर किट, मापात टर्न केलेले ड्रम आणि ताजं ब्रेक ऑइल घाला. आधी बूस्टर तपासा: इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा मारा, शेवटी दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर व्हॅक्यूमचा पाइप, पंप आणि बूस्टर याच क्रमानं बघा.