मालवाहू मोटार आणि फिरते घर

घनसावंगी तालुक्यातील ऊसतोड कुटुंबे हंगामासाठी निघतात, तेव्हा धान्य, भांडी, अंथरूण-पांघरूण असा सारा संसार ट्रकवर वा ट्रॉलीत चढतो. परंतु फडाजवळ पोहोचताच तो उतरतो व वस्ती कोपीत होते. वाहन संसार वाहते, त्यास आसरा देत नाही. हा भेद मिटविणाऱ्या वाहनांत छोट्या निवासी मोटारीस महत्त्वाचे स्थान आहे.

तिचा उगम ऐषआरामी गाडीत नसून मालगाडीत आहे. पश्चिम जर्मनीत फोक्सवॅगनच्या मालवाहू गाडीचे उत्पादन १९५० साली सुरू झाले. इंजिन मागे असल्याने मधली जागा सपाट व मोकळी राहिली. १९५१ मध्ये वेस्टफालिया कंपनीने तीत बसविता व काढता येईल असे निवासाचे सामान तयार केले. आठवडाभर माल वाहणारी गाडी सुटीत घर होऊ लागली; दोन गाड्या न परवडणाऱ्यांस ही सोय मोलाचीच.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध पुण्याच्या बजाज टेंपो कंपनीमुळे येतो. तिची १९८७ ची ट्रॅव्हलर मर्सिडीज-बेंझच्या टी-१ गाडीवर आधारलेली होती. त्याच टी-१ वर वेस्टफालियाने ‘जेम्स कुक’ ही निवासी मोटार बांधली. येथे मात्र आत बाके बसली आणि गाडी यात्रेकरूंची, वऱ्हाडाची झाली. यात नवल नाही. वाटेवर धर्मशाळा असता दोघांच्या शय्येसाठी बारा जणांची जागा कोण अडविणार? राज्य शासनाने कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण २०२१ मध्ये स्वीकारले. ट्रॅव्हलरच्याच सांगाड्यावर शय्या, शेगडी व पाण्याची टाकी बसविलेल्या गाड्या आता भारतातही भाड्याने मिळतात.