माग चालतो, धोटा धावतो

श्रोतेहो, भिवंडीच्या कोणत्याही यंत्रमागांच्या गल्लीत जा, खडखडाट कानांवर येतोच. त्या मागांविषयी आपण काय म्हणतो? माग चालू आहे, माग बंद आहे. इंग्रज मात्र म्हणतो, 'द लूम इज रनिंग'. म्हणजे आपला माग चालतो आणि त्याचा पळतो! खरं पाहिलं तर साध्या मागावर धावतो तो एकटा धोटा. ताण्यामधून इकडून तिकडे बाणा घेऊन जातो तो.

शाळेत 'रन' हे क्रियापद मुलाला अगदी सुरुवातीला भेटतं आणि त्याचा अर्थ एकच सांगितला जातो, पळणे. हा अर्थ खोटा नाही, पण फार थोडा आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाच्या संपादकांनी या एका क्रियापदाचे अर्थ मांडले, तेव्हा ते सहाशेच्या वर गेले, असं २०११ साली प्रसिद्ध झालं होतं. घाबरू नका, सहाशे अर्थ कुणी पाठ करायचे नाहीत. वाक्यात 'रन' आला की आधी विचारावं, पळतंय कोण? माणूस किंवा जनावर असेल तर बहुधा पळणं. दुसरं काही असेल, तर त्या वस्तूला मराठीत आपण काय म्हणतो ते आठवावं. कामवारी नदी भिवंडीजवळून वाहते. आग्रा रोड नाशिककडे जातो. घड्याळ चालतं. सर्दी झाली की नाक गळतं. चारही ठिकाणी इंग्रजाला एकच 'रन' पुरतो.

मराठीत चालणं आणि चालवणं हे शब्द वेगळे आहेत. इंग्रजीत तसं नाही. 'द लूम रन्स' म्हणजे माग चालतो, आणि 'ही रन्स अ लूम' म्हणजे तो माग चालवतो. क्रियापद तेच, नुसतं पुढे नाम येऊन बसलं. त्यामुळे 'ही रन्स अ स्कूल' असं म्हटलं तर तो गृहस्थ शाळा चालवतो; 'ही रन्स टू स्कूल' म्हटलं तर उशीर झालेला पोरगा शाळेकडे पळतो. एवढ्याशा 'टू'ने संस्थाचालकाचा विद्यार्थी होतो!

उलट बाजूनेही फसगत होते. आपण 'चालेल' म्हणतो, त्याला 'इट विल रन' म्हणू नये. तिथे इंग्रज 'दॅट विल डू' म्हणतो.

रूपांचं थोडक्यात सांगतो. रन, रॅन, रन. तिसरं रूप पहिल्यासारखंच. 'हॅज रॅन' हे पुष्कळ वह्यांत दिसतं, ते 'हॅज रन' हवं.

मग येतात मागचे-पुढचे छोटे शब्द. 'वुई हॅव रन आउट ऑफ यार्न' म्हणजे आमचं सूत संपलं. क्रिकेटचं समालोचन ऐकणाऱ्या मुलाला 'रनआउट' ठाऊक असतो. तो इथे लावून चालणार नाही. 'रन ओव्हर' म्हणजे अंगावरून गाडी जाणं. 'रन इंटू' म्हणजे वाटेत अवचित गाठ पडणं, किंवा जाऊन आदळणं. कुणावर आणि कशावर, ते पाहून ठरवावं. निवडणुकीत तर मौजच आहे. आपला उमेदवार उभा राहतो, विलायतेतलाही 'स्टँड' म्हणजे उभाच राहतो, अमेरिकेतला मात्र 'रन' करतो. आणि रेल्वेची 'रनिंग रूम' म्हणजे पळायची खोली नव्हे. गाडी घेऊन आलेले ड्रायव्हर आणि गार्ड तिथे झोप काढतात.

शिक्षकमित्रांनो, हे सगळं परीक्षेच्या मार्कांपुरतं असतं तर एवढा वेळ घेतला नसता. पण घरात इंग्रजी शिकणारं एखादंच पोर असतं, आणि वडील पंपावरची चिठ्ठी त्याच्यापुढे धरतात. चिठ्ठीवर असतं, 'डू नॉट रन ड्राय'. पोर वाचतं, "कोरडं पळू नका." वडील हसतात आणि बटण दाबतात. विहिरीतल्या पंपाची मोटर भोवतीच्या पाण्यानेच थंड राहते. काठावरच्या पंपाच्या सीललाही पाणीच लागतं. पाणी तळाला गेलेलं असताना पंप चालू राहिला तर सील जातं, मोटर जळते, आणि ऐन उन्हाळ्यात पीक वाळतं. कापडावरची 'कलर्स मे रन' ही चिठ्ठीही तशीच. रंग पळत नाहीत, पण धुताना जातात आणि शेजारच्या पांढऱ्या सदऱ्याला लागतात.

तेव्हा 'रन'चा धडा आला की मुलांना घरच्या पंपावरच्या, गिरणीच्या मोटरीवरच्या, साडीवरच्या चिठ्ठ्या वहीत उतरवून आणायला सांगा. वर्गात त्यांचं मराठी करा, आणि तो कागद घरी मोटरीच्या पेटीवर चिकटवायला लावा : पाणी नसताना पंप चालवू नये.