🔧 *पंपाच्या पार्टचा नंबर मोबाईलमध्ये ठेवा*



मोहोरावर तुडतुडा दिसला आणि नेमका एचटीपी पंप प्रेशर धरेना! रत्नागिरीत दुकानात जाऊन "पंपाचं सील द्या" म्हटलं, की पहिला प्रश्न येतो: मॉडेल कुठलं? अंदाजाने आणलेला पार्ट बसत नाही, फेरी फुकट जाते आणि फवारणी लांबते.

*असं का होतं?*
गाड्यांच्या शोरूमसारखेच अवजारांच्या दुकानातही पार्ट नंबराने लावतात. प्रत्येक नंबराचा कप्पा ठरलेला. दिसायला सारखे दोन सील वेगळ्या मापाचे असू शकतात.

*नंबर असा वाचा*
▪️ बेल्ट बी-५४: बी प्रकार, आतली लांबी सुमारे ५४ इंच.
▪️ बेअरिंग ६२०५: शेवटचे ०५ गुणिले ५, म्हणजे आतलं भोक २५ मिमी. ६२०४ असेल तर २० मिमी.

*आजच करा*
१. पंप आणि इंजिनाच्या प्लेटचा, बेल्टवरच्या नंबराचा फोटो काढून ठेवा.
२. जुना पार्ट फेकू नका. नवा आणताना सोबत न्या.
३. सील, बेल्ट, स्पार्क प्लग एकेक जादा ठेवा. वर नंबर आणि खरेदीची तारीख लिहा. रबर पडून कडक होतं, म्हणून आधी आणलेलं आधी वापरा.
४. बेअरिंगचं पाकीट बसवतानाच फोडा. आपल्या दमट हवेत गंज लवकर चढतो.

दिवाळी झाली की पंप एकदा पाण्यावर चालवून बघा. बिघाड मोहोराआधी कळलेला बरा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, रत्नागिरी