इडलीच्या ताटल्या आणि पुसलेली अक्षरं

व्हिडिओ गेममधलं स्वयंपाकघर म्हटलं की धावपळ आलीच. २०१६ सालच्या 'ओव्हरकुक्ड'मध्ये चौघं मिळून कांदे चिरतात, ताटं धुतात आणि घड्याळाकडे बघत एकमेकांवर ओरडतात. 'कुकिंग मामा'मध्ये स्क्रीनवर पेन फिरवून भाजी चिरायची आणि किती चांगली चिरली यावर पदक मिळवायचं. मजा येते, पण खेळ संपला की पदार्थ लक्षात राहत नाही. 'वेनबा'मधली इडली मात्र माझ्या लक्षात राहिली आहे.

'वेनबा' हा कॅनडातल्या टोरांटोच्या 'विसाई गेम्स'ने २०२३ मध्ये आणलेला छोटा गेम. दीड-दोन तासांत संपतो. १९८०च्या दशकात कॅनडात जाऊन राहिलेलं एक तमिळ जोडपं, त्यांचा मुलगा कविन आणि वेनबाच्या आईची पाककृतींची वही एवढाच सगळा पसारा. २०२४ मध्ये या गेमला पदार्पणाच्या गेमसाठीचा बाफ्टा पुरस्कारही मिळाला.

पहिलाच पदार्थ इडली. काही मिनिटांचाच खेळ आहे. वहीचं पान खराब झालंय, अक्षरं पुसली आहेत. पीठ आहे, भांडं आहे, ताटल्या आहेत; क्रम मात्र आपण शोधायचा. ताटल्या एकावर एक चढवताना वरच्या ताटलीची भोकं खालच्या इडल्यांवर यायला हवीत, म्हणजे वाफ सगळीकडे फिरते. ज्यांच्या घरी इडलीपात्र आहे, त्यांना हे सांगावं लागणार नाही. पण ज्याने ते कधी हातात घेतलेलं नाही, त्याला इथे थांबून विचार करावा लागतो. वेळेचं बंधन नाही, गुण नाहीत. चुकलं तर पुन्हा करायचं.

मला यातली खरी गंमत अशी वाटते, की वही धड असती तरी सगळं त्यात नसतंच. लिहिणारीने आपल्या मुलीसाठी लिहिलेलं असतं. जे मुलीने रोज बघितलंय, ते कशाला लिहायचं?

आमच्या वडोदऱ्याच्या घरी आजीची अशीच एक वही आहे. तिच्यात ठिकठिकाणी 'मावेल तेवढी कणीक' लिहिलंय. किती मावते? 'कडकडीत मोहन घालावे' असं आहे. पण मोहन म्हणजे पिठात घालायचं गरम तेल, हे माझ्या चुलत भावाला विचारावं लागलं. माप म्हणून 'एक फुलपात्र' आहे, आणि ते फुलपात्र आता घरात नाही. उकडीच्या मोदकांच्या पानावर 'वाफवावे' एवढंच. मोदक चाळणीत ठेवण्याआधी पाण्यात बुडवून काढायचे, खाली हळदीचं पान घालायचं, हे आजीच्या हाताला ठाऊक आहे, वहीला नाही. याचा गेम केला तर मोदकांची पातळीच सगळ्यात अवघड ठरेल!

'वेनबा'त पुढे कविन मोठा होतो, आणि आईच्या वहीपाशी तोच येतो. लहानपणी तो घरात इंग्रजीतच उत्तर द्यायचा. आता त्याला तमिळ धड वाचता येत नाही, त्यामुळे कृती त्याला अर्धीमुर्धीच कळते. आधी अक्षरं पुसलेली होती म्हणून आपण अडत होतो. आता अक्षरं समोर आहेत तरी अडतो. हा बदल गेम कुठेही भाषण न देता, फक्त खेळता खेळता दाखवतो.

इथे मला आपली आठवण आली. वडोदरा असो, इंदूर, हैदराबाद किंवा बेळगाव, आपल्यापैकी पुष्कळजण घरात मराठी बोलतात, पण शाळा गुजराती, हिंदी, कन्नड, तेलुगू नाहीतर इंग्रजी. बोललेलं समजतं, हाताने लिहिलेलं मराठी पान समोर आलं की गाडी हळू होते. माझा भाऊ पुरणपोळी आवडीने खातो, पण आजीचं जोडाक्षरांनी भरलेलं पान त्याने माझ्याकडून वाचून घेतलं. त्याला सोबत घेऊन आजीजवळ बसलो, तेव्हा आजी वाचता वाचता म्हणाली, "हे लिहायचं राहिलंच की!" अशी राहिलेली गोष्ट जवळजवळ प्रत्येक पानावर निघाली. आम्ही ती पेन्सिलीने समासात लिहिली.

गेम पीसी, स्विच, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर मिळतो. एका दुपारी आईबाबांना शेजारी बसवून खेळा. इडलीच्या वेळी ते तुम्हाला उत्तर सांगायला लागतील, त्यांना सांगू द्या. मग घरातली वही काढा. एकच पदार्थ निवडा, करणाऱ्या व्यक्तीला ओट्याशी उभं करा आणि प्रत्येक 'अंदाजे'ला थांबवून विचारा: म्हणजे किती? थोडी चिडचिड होईल. पण आजीला विचारता येतंय तोवर विचारलेलं बरं. समासातली जागा अजून रिकामी आहे.