सार्वमत समजून घेताना – लेखांक ६ : फुलीचा अर्थ कोण ठरवणार?

मतपत्रिका वैध कधी धरायची? सूचनेप्रमाणे भरली असेल तेव्हा, असे उत्तर आपण सहज देऊन टाकतो. सार्वमताच्या बाबतीत हे उत्तर पुरत नाही. मतदाराचा कौल कागदावरून निःशंकपणे कळतो का, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. सूचना त्यासाठीच असतात. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी ऑस्ट्रेलियात एक सार्वमत झाले. आदिवासींना आणि टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटवासींना आपले म्हणणे संसदेपुढे मांडण्यासाठी राज्यघटनेत स्थान असलेली संस्था द्यावी का, हा त्याचा विषय होता. मतपत्रिकेवर चौकट एकच, आणि तीत इंग्रजीत ‘येस’ किंवा ‘नो’ लिहायचे. निवडणूक आयुक्त टॉम रॉजर्स यांनी मतदानाच्या काही आठवडे आधी खुलासा केला, की कोणी शब्दाऐवजी बरोबरची खूण केली तर तो होकार धरला जाण्याची शक्यता आहे. फुली मात्र कोणत्याच बाजूला मोजली जाणार नाही. त्यावर मोठे वादळ उठले. विरोधी पक्षनेते पीटर डटन यांनी कडाडून टीका केली, तर उद्योगपती क्लाइव्ह पामर आणि सिनेटर राल्फ बॅबेट न्यायालयात गेले.

त्यांचा आक्षेप हलका नव्हता. एका बाजूच्या मतदाराने सूचना मोडली तर त्याचे मत वाचते आणि दुसऱ्या बाजूच्याने मोडली तर बाद होते, याला समान वागणूक कसे म्हणायचे? पण १९८४ चा तिथला कायदा पाहिला की आयोगाची भूमिका पटते. मतदाराचा हेतू जितका स्पष्ट असेल तितका तो मान्य करा, असे हा कायदा सांगतो. ‘हा बदल तुम्हाला मान्य आहे का?’ या प्रश्नापुढे बरोबरची खूण केली, तर तिचा होकाराशिवाय दुसरा अर्थ लावणे कठीण. फुलीचे तसे नाही. चुकीच्या उत्तरावर फुली मारतात, आणि अर्जात आपल्याला लागू असलेल्या चौकटीतही फुलीच मारतात. आपल्याकडचा दाखला तर फारच बोलका आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीनीकरण हवे असेल त्याने फुलासमोर आणि वेगळे अस्तित्व हवे असेल त्याने दोन पानांसमोर फुली मारायची होती. त्या कागदावर फुली म्हणजे पसंती! मग मेलबर्नमधल्या एकट्या चौकटीतली फुली ‘नाही’च म्हणते, असे मोजणी करणाऱ्याने कशाच्या आधारावर ठरवायचे? फेडरल कोर्टाने सप्टेंबर २०२३ मध्ये ती याचिका फेटाळली, ते योग्यच झाले.

तरीही माझ्या मते खरा दोष त्या मतपत्रिकेच्या रचनेत आहे. गोव्यात दोन चित्रे होती, त्यामुळे फुली कुठे पडली यावरून अर्थ आपोआप ठरत होता. शिवाय मतदाराला एकही अक्षर लिहावे लागत नव्हते, मग भाषेचा अडसर कुठून येणार? तिथे १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० असा निकाल लागला आणि ७,२७२ मते बाद झाली. ३४,०२१ च्या फरकापुढे ती निर्णायक नव्हती.

क्वेबेकमध्ये मात्र ३० ऑक्टोबर १९९५ रोजी नेमके उलटे घडले. कॅनडापासून वेगळे व्हायचे की नाही, याचा निकाल ५४,२८८ मतांनी लागला आणि बाद मते होती ८६,५०१. शोमेडी मतदारसंघात तर सुमारे साडेअकरा टक्के मतपत्रिका बाद झाल्या. खूण फार ठळक आहे, फार फिकट आहे, तिरपी आहे, अशा कारणांनी मते नाकारल्याच्या तक्रारी आल्या. पुढे चौकशीत काही मते सबळ कारणाशिवाय बाद केल्याचे आढळले. व्यापक कट मात्र सिद्ध झाला नाही आणि खटल्यांत आरोपी निर्दोष सुटले. इथे हेतू दिसत असूनही हाताच्या वळणावर बोट ठेवले गेले. ‘अधिकाऱ्याला हेतू शोधायला लावले तर तो मनमानी करील’ असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर पाहावे. काटेकोरपणाच्या नावाखालीही मनमानी होऊ शकते. तिला आवर घालायचा तर मोजणीचे निकष मतदानापूर्वी जाहीर हवेत आणि ते प्रत्येक टेबलावर सारखे हवेत.

मग हेतू दिसला की मत वैध, एवढेच म्हणून थांबता येईल का? नाही. युरोपीय संघात राहायचे की नाही, यावरच्या ब्रिटनच्या २०१६ च्या सार्वमतात २५,३५९ मते बाद झाली. त्यांतल्या ९,०८४ मतदारांनी दोन्ही पर्यायांवर खूण केली होती. तिथे कौल कळण्याचा मार्गच नव्हता. पण ८३६ मतपत्रिका मतदाराची ओळख पटू शकेल अशा लिखाणामुळे किंवा खुणेमुळे नाकारल्या गेल्या. अशा मतदाराचा कौल स्वच्छ दिसत असला तरी ते मत बाद करणे मला योग्य वाटते. सही केलेले मत चालते असे एकदा ठरले, की मत विकत घेणाऱ्याला पावती मिळते आणि धमकावणाऱ्याला पुरावा. त्यानंतर ज्याला गुप्तपणे मत द्यायचे आहे त्याच्यावरही ‘सही का केली नाहीस?’ म्हणून दबाव आणता येतो.