दहावीच्या इंग्रजीत नेमकं काय तपासलं जातं?

दहावीचा निकाल लागला की मुंबईत गोवंडी स्टेशनपासून देवनारच्या म्युनिसिपल कॉलनीपर्यंत खासगी क्लासांचे फलक लागतात आणि मुलांच्या फोटोंखाली गुण छापलेले असतात. इंग्रजीत ८५ म्हणजे इंग्रजी येतं, ४० म्हणजे येत नाही, असा सरळ अर्थ आईवडील लावतात, शेजारी लावतात, पुढचं कॉलेजही लावतं. मग तोच ८५ गुणांचा मुलगा अकरावी सायन्सच्या वर्गात बसतो, तास इंग्रजीतून सुरू होतो आणि त्याला वाक्यंच पकडता येत नाहीत. दोष त्याच्या आत्मविश्वासाला दिला जातो, नाहीतर मराठी किंवा उर्दू माध्यमाला. माझ्या मते दोष बऱ्याच अंशी मोजमापाचा आहे. शालान्त परीक्षेतल्या इंग्रजीच्या गुणांत ऐकून समजणं जवळजवळ मोजलेलं नसतं आणि वाचून समजणं फार थोडं मोजलेलं असतं. जे मोजलं जात नाही ते शिकवायलाही कोणी वेळ देत नाही. याची सगळ्यात मोठी किंमत पडते ती घरात इंग्रजी नसलेल्या मुलांना, आणि देवनार, गोवंडी, मानखुर्दच्या पालिका व अनुदानित शाळांत अशीच मुलं मोठ्या संख्येने आहेत.

आधी वाचनाचं पाहू. मराठी, हिंदी, उर्दू माध्यमाच्या मुलांना इंग्रजी ही तृतीय भाषा असते आणि तिची लेखी परीक्षा ८० गुणांची असते. त्यांत पाठ्यपुस्तकातले दोन उतारे मिळून २० गुण, कविता १० गुण. पुस्तकाबाहेरच्या, मुलांनी आधी न पाहिलेल्या उताऱ्याला १५, आणि त्यांतलेही ५ सारांश लिहिण्याचे. उरलेले गुण व्याकरण, लेखन आणि भाषांतराला. पुस्तकातला उतारा वर्षभरात वर्गात एकदा, क्लासात एकदा आणि गाइडमधून कितीतरी वेळा झालेला असतो. त्यावरचं उत्तर लिहिताना मूल वाचत नसतं, आठवत असतं. न पाहिलेल्या उताऱ्यात तरी खरी परीक्षा होते असं आपण धरून चालतो, पण तेही प्रश्न कसा विचारला यावर ठरतं. हे वाक्य पाहा: ‘द मिप्टर ब्रोल्ड अ टांडी निअर द रिव्हर.’ आता प्रश्न: ‘हू ब्रोल्ड अ टांडी?’ मिप्टर, ब्रोल आणि टांडी हे शब्द इंग्रजीत नाहीत, ते इथल्यापुरते बनवले आहेत. तरीही सहावीतला मुलगासुद्धा ‘द मिप्टर’ असं बरोबर उत्तर लिहील आणि त्याला पूर्ण गुण मिळतील. प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकायचा आणि त्याच्या शेजारचं उतरवून काढायचं, ही युक्ती पेपर सोडवायला उपयोगी आहे. तिला आकलन म्हणता येणार नाही. आकलन तपासायचं तर उत्तर उताऱ्यात जसंच्या तसं सापडता कामा नये. ही सूचना कोणासाठी लावली आहे, हा माणूस परत का गेला, यातलं मत कुठलं आणि माहिती कुठली, असे प्रश्न विचारले की उतरवून काढणारा आणि समजून घेणारा लगेच वेगळे होतात.

असाच एक घट्ट बसलेला समज म्हणजे मोठ्याने, अडखळल्याशिवाय वाचणारं मूल समजून वाचतं. फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर यांनी १९८६ मध्ये मांडलेला साधा सिद्धान्त इथे उपयोगी पडतो. वाचून समजणं म्हणजे अक्षरांवरून शब्द ओळखता येणं गुणिले भाषा कळणं. गुणाकारातली एक संख्या शून्य असली की दुसरी कितीही मोठी असली तरी हाती शून्यच येतं. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२३ च्या फेरीत हे आकड्यांत दिसलं. देशातल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांत १४ ते १८ वयोगटातल्या ५७.३ टक्के मुलांना इंग्रजी वाक्यं वाचता आली, पण ज्यांना वाचता आली त्यांच्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांनाच त्यांचा अर्थ सांगता आला. आणि ही तर सोपी, सुटी वाक्यं होती. पाहणी ग्रामीण भागातली आहे, तिचे आकडे मुंबईला लावता येणार नाहीत. पण वाचणं आणि समजणं यांच्यातली फट मुंबईत आपोआप बुजत असेल असं मानायलाही काही आधार नाही. सलग मजकुराची गोष्ट आणखी अवघड. परक्या भाषेतला मजकूर कोणाच्या मदतीशिवाय नीट समजायचा तर त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, असं पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं संशोधन सांगतं. शंभर शब्दांत दोन अनोळखी चालतात. दहा असले की अर्थाचा धागा तुटतो.

आता ऐकण्याकडे वळू, कारण खरी उपेक्षा तिथे आहे. २० गुणांच्या तोंडी परीक्षेत श्रवण येतंच की, असं शाळांचं उत्तर असतं. शाळेच्या हातातल्या या २० गुणांचा इतिहास मात्र बोलका आहे. २०१८-१९ मध्ये दहावीचा अभ्यासक्रम बदलला, त्याबरोबर भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण रद्द झाले आणि सगळे गुण लेखी परीक्षेकडे गेले. राज्याचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता, तो २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला. इतर मंडळांच्या मुलांना अंतर्गत गुण मिळतात, मग राज्य मंडळाच्या मुलांवर अन्याय का, अशी ओरड झाली आणि त्याच वर्षी सरकारने २० गुण परत आणले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. या चढउताराचं सगळं श्रेय किंवा खापर तोंडी परीक्षेच्या माथी मारणं चुकीचं ठरेल. २०१९ मध्ये अभ्यासक्रमही नवा होता आणि २०२० मध्ये करोनामुळे भूगोलाचा पेपरच झाला नव्हता. पण त्या वादात कशावर चर्चा झाली ते लक्षात घ्यावं. गुण परत मिळावेत यावर झाली, टक्केवारीवर झाली, अकरावीच्या प्रवेशावर झाली. त्या २० गुणांत मुलांचं ऐकणं खरोखर तपासलं जातं का, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. तोंडी परीक्षा शाळेच्या पातळीवर उरकली जाते. शिक्षक एखादा परिच्छेद वाचतात, चेहरे कोरे दिसले की सावकाश पुन्हा वाचतात, मग मराठीत समजावतात, आणि गुण सढळ हाताने दिले जातात. यात शिक्षकांची बेइमानी नाही. ज्या गुणांवर मुलाचं पास-नापास अवलंबून आहे ते त्याच्याच शिक्षकाने द्यायचे ठरवलं की याहून वेगळं काही होणार नाही.

शिवाय ज्याला वाचता येतं त्याला ऐकून समजेलच, हेही खरं नाही. वाचताना डोळा मागे जाऊ शकतो, वेग आपल्या हातात असतो, दोन शब्दांमध्ये मोकळी जागा असते. ऐकताना यातलं काहीच नसतं. छापील ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत कोणाचा गोंधळ होत नाही. बोलण्यात मात्र फरक राहतो तो मुख्यतः शब्दाच्या कोणत्या भागावर जोर दिला याचा, आणि औषध १५ मिलिलिटर घ्यायचं की ५० हे त्यावर ठरतं. ‘व्हॉट डू यू वॉन्ट टू डू’ हे सहा शब्द बोलणाऱ्याच्या तोंडून एका दमात निघतात तेव्हा त्यांतले मधले शब्द जवळजवळ गिळले जातात. मराठीत आपण अक्षरं बऱ्यापैकी स्पष्ट उच्चारतो, त्यामुळे मराठी कानाला हे गिळलेले शब्द मुद्दाम सवयीने ओळखायला शिकावं लागतं. ही सवय छापील उतारे सोडवून लागत नाही.

मुलाला ऐकू आलं नाही म्हणजे त्याला इंग्रजी येत नाही, या निष्कर्षाची तर मला खरोखर काळजी वाटते. मुलाला नीट ऐकू येईल याची खबरदारी इतर देश किती घेतात ते पाहा. दक्षिण कोरियात नोव्हेंबरमध्ये होणाऱ्या विद्यापीठ प्रवेश परीक्षेत इंग्रजीच्या ४५ प्रश्नांपैकी १७ ऐकण्यावर असतात, आणि तेवढ्या वेळात देशभर विमानांची उड्डाणं आणि उतरणं थांबवतात. जपानने २००६ मध्ये प्रवेश परीक्षेत श्रवणाचा भाग आणला तेव्हा प्रत्येक परीक्षार्थ्याच्या हातात ध्वनिमुद्रण ऐकण्याचं स्वतंत्र यंत्र दिलं. २०२१ पासून तिथे वाचनाला १०० आणि श्रवणाला १०० असे समान गुण आहेत. एवढा खटाटोप का? कारण गोंगाटात मातृभाषा बऱ्यापैकी कळते, पण शिकलेली भाषा फार लवकर हातची जाते, हे प्रयोगांनी पुन्हा पुन्हा दाखवलं आहे. रिकाम्या जागा मातृभाषेत मेंदू स्वतः भरून काढतो, परक्या भाषेत त्याला ते तेवढं जमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादेप्रमाणे तास चालू असताना वर्गातला पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलच्या वर असू नये. घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावर दिवसभर ट्रक आणि डंपर धावतात. त्याच्या आसपासच्या शाळेत, उघड्या खिडक्या, फिरते पंखे आणि साठ मुलं असलेल्या खोलीत ही मर्यादा पाळली जाणं शक्य नाही. अशा वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलीने चार प्रश्न चुकवले तर ती चूक तिच्या इंग्रजीची की खोलीची, हे गुणपत्रिका सांगत नाही. एका कानाने कमी ऐकू येणारं मूलही अनेकदा असंच ‘इंग्रजीत कच्चं’ ठरतं. उच्चारांचंही तेच. मुंबईच्या मुलाला बँकेतला, दवाखान्यातला, कॉलेजातला भारतीय इंग्रजी आवाज रोज ऐकायचा आहे, तर चाचणीतला आवाजही आधी तोच हवा. परदेशी उच्चार नंतर आले तरी चालतील.

इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातलं की हे सगळं आपोआप सुटतं, असं मानून अनेक पालक पोटाला चिमटा काढून फी भरतात. त्यांच्या धडपडीबद्दल मला आदरच आहे. पण माध्यम पाटीवर इंग्रजी असलं आणि वर्गात शिकवणं हिंदी-मराठीत चालत असलं, तर मुलाच्या कानावर इंग्रजी पडतं किती? चाचणी घेतल्याशिवाय हे कळायला मार्ग नाही, म्हणून ती या मुलांचीही व्हायला हवी. उलट बाजूने, मुंबई महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजरातीपासून तमिळ, तेलुगू, कन्नडपर्यंत आठ माध्यमांत शाळा चालवते, आणि त्या मुलांचं मातृभाषेतलं वाचन पक्कं असेल तर ती मोठी शिदोरी आहे. मजकुरावरून अंदाज बांधणं, मुख्य मुद्दा ओळखणं ही कौशल्यं एका भाषेत आली की दुसऱ्या भाषेत कामी येतात, हे शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ पासून मांडलं आहे. तेव्हा इंग्रजीच्या चाचणीबरोबर शाळेच्या माध्यमाच्या भाषेतला तेवढ्याच पातळीचा उताराही द्यावा. दोन्हीकडे गुण कमी असतील तर अडचण आकलनाची, फक्त इंग्रजीत कमी असतील तर भाषेची. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

यावर पहिला आक्षेप येतो तो शिक्षकांचा, आणि तो रास्त आहे. निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, माहिती भरणं यांतून वेळ कुठे आहे? आणखी एक परीक्षा कशाला? म्हणूनच ही चाचणी गुणपत्रिकेला जोडू नये. गुण जोडले की गाइड निघतात, आणि शिक्षकाला पुन्हा सढळ हात करावा लागतो. नववीच्या जूनमध्ये एकदा आणि जानेवारीत एकदा, एका तासिकेत होईल एवढीच चाचणी पुरे. शिक्षकांनी स्वतःच्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलेले तीन-चार छोटे उतारे, एक साधा स्पीकर, गटागटाने बसवलेली मुलं आणि प्रत्येक उतारा ठरवून दोनदाच, सगळ्यांना सारखा. एक लांब उतारा देण्यापेक्षा वेगवेगळ्या विषयांचे छोटे चार द्यावेत, कारण क्रिकेटवरचा उतारा क्रिकेट पाहणाऱ्याला आधीच अर्धा माहीत असतो. बेसबॉलबद्दलच्या मजकुरावर डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये दाखवलं होतं, की खेळ माहीत असलेली वाचनात कच्ची मुलं, खेळ माहीत नसलेल्या पण वाचनात पक्क्या मुलांना मागे टाकू शकतात.

दुसरा आक्षेप मी सुचवतो आहे त्या एका गोष्टीवर हमखास येईल: उत्तरं मुलांना मराठीत, उर्दूत, हिंदीत लिहू द्यावीत. मग ती इंग्रजीची परीक्षा कसली? ती इंग्रजी समजण्याचीच परीक्षा आहे. उत्तर इंग्रजीत मागितलं की मुलाला समजलं नाही की समजलं पण लिहिता आलं नाही, हे कळतच नाही. दोन कौशल्यं एका गुणात मिसळतात आणि त्या गुणावरून शिक्षकाला पुढे काय करायचं ते ठरवता येत नाही. इंग्रजी लिहिता येतं का, ते बोर्डाचा पेपर पाहतोच.

तेव्हा देवनारच्या पालकांना आणि मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. पालकसभेत इंग्रजीत किती गुण पडले एवढंच विचारू नका. न पाहिलेला उतारा मुलाला किती समजला आणि एकदा-दोनदा ऐकलेलं किती समजलं, हे वेगवेगळं विचारा. मुख्याध्यापकांनी ते दोन आकडे नववीतच हातात द्यावेत. दहावीच्या निकालानंतर ते समजून उपयोग नाही.