गाडी धुतली चकाचक, मग पांढरे ठिपके आले कुठून?



डहाणू स्टेशनकडून चारोटी नाक्याकडे जाताना वाटेत रानशेत लागतं. मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागणाऱ्या कितीतरी गाड्या याच रस्त्याने जातात. त्यामुळे अशा ठिकाणी छोटं वॉशिंग सेंटर टाकायचं बऱ्याच तरुणांच्या डोक्यात असतं. एक बोअर, एक प्रेशर पंप, शेड आणि दोन पोरं, झालं काम सुरू!

पण खरी अडचण पुढे येते. गाडी तुमच्याकडून निघताना चकाचक दिसते. ग्राहक घरी पोचतो आणि बघतो तर काळ्या बॉनेटवर पांढरे ठिपके. तो भांडायला येत नाही. तो पुढच्या वेळी दुसरीकडे जातो. धंद्यात हेच जास्त महाग पडतं, कारण गिऱ्हाईक का तुटलं ते तुम्हाला कळतच नाही.

ठिपका म्हणजे नक्की काय?

आंघोळीचं पाणी तापवायच्या हंड्याला आतून पांढरा थर धरतो, तो बघितलाय ना? तीच वस्तू ही. बोअरचं पाणी खडकातून झिरपताना कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं. थेंब वाळला की पाणी उडून जातं आणि क्षार तिथेच राहतात.

थोडा हिशोब करू. समजा तुमच्या पाण्याचा टीडीएस ५०० आहे, म्हणजे एका लिटरमध्ये ५०० मिलिग्रॅम विरघळलेले पदार्थ. धुतल्यावर गाडीवर २०० मिली पाणी राहिलं आणि तसंच वाळलं, तर १०० मिलिग्रॅम क्षार गाडीवर बसले. वजनाला चिमूटभरही नाही, पण शेकडो ठिपक्यांत वाटले की गडद रंगावर लांबूनही दिसतात.

म्हणून पहिली खरेदी टीडीएस मीटरची. पेनासारखा असतो, काहीशे रुपयांत मिळतो. बोअर, विहीर, टँकर, नळ, जे पाणी वापरता ते मोजा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा ५०० आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतं. म्हणजे प्यायला चालणारं पाणीसुद्धा गाडीवर भरपूर ठिपके पाडू शकतं!

शेवटचं पाणी वेगळं ठेवा

सगळी गाडी गोड्या पाण्याने धुवायची गरज नाही. धुणं, फेस काढणं बोअरच्या पाण्याने करा. फक्त शेवटची एक-दोन बादली कमी क्षारांची असू द्या. ती कुठून आणायची?

- पावसाळ्यात छपराचं पाणी. पहिल्या एक-दोन पावसांत छप्पर धुऊन जाऊ द्या, मग टाकीत धरा. यात क्षार जवळपास नसतात.
- एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी. हवेतली वाफ थंड होऊन ते तयार होतं. फडक्यातून गाळून घ्या.
- आरओचं शुद्ध पाणी. पण आरओने बाहेर टाकलेलं पाणी चुकूनही शेवटी वापरू नका, त्यात क्षार उलट वाढलेले असतात.

पुसायची पद्धत

१. गाडी सावलीत घ्या आणि बॉनेटला हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर थांबा. महामार्गावरून आलेल्या गाडीचं बॉनेट इंजिनामुळेच तापलेलं असतं. चैत्रात महालक्ष्मीच्या यात्रेला गाड्यांची गर्दी होते, तेव्हा ऊनही कडक असतं. तापलेल्या पत्र्यावर थेंब तुमच्या फडक्याआधीच वाळतो.

२. शेवटचं पाणी फवारू नका. पाइपचं तोंड काढून टाका आणि टपावरून पाणी सावकाश वाहू द्या. फवाऱ्याने हजार थेंब बसतात. वाहत्या पाण्याची मात्र सलग चादर होते आणि ती बरंचसं पाणी सोबत खाली नेते.

३. आधी टप, मग काचा, मग बॉनेट आणि डिकी, मग दरवाजे. सगळ्यात शेवटी खालचा भाग. खालची माती वर न्यायची नाही.

४. घासू नका. मोठा, जाड मायक्रोफायबर टॉवेल पत्र्यावर पसरा आणि एका टोकाने हळूच ओढून घ्या. उरलेल्या जागी नुसता टेकवून पाणी टिपा. जुना बनियन किंवा धूळ बसलेलं फडकं घासलंत तर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतील.

५. आरशाच्या मागे, दाराच्या मुठीत, नंबर प्लेटखाली, पेट्रोलच्या झाकणात पाणी दडून बसतं. ब्लोअर असेल तर तिथे मारा. नसेल तर चारही दारं एकदा उघडून-लावून घ्या आणि निथळलेलं पाणी टिपा. गाडी रस्त्याला लागल्यावर ओघळ येतात ते इथूनच.

टॉवेलचा हिशोब

समजा चार टॉवेल १२०० रुपयांना पडले आणि १५० गाड्या चालले. गाडीमागे खर्च ८ रुपये. आता गाडी पुन्हा धुवून द्यावी लागली तर पाणी, वीज, मजुरी किती जाते? तुमचे आकडे घालून बघा, स्वस्त काय ते लगेच कळेल.

चाकांचा टॉवेल वेगळ्या रंगाचा ठेवा. जमिनीवर पडलेला टॉवेल थेट धुवायला टाका. टॉवेल धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, त्याने धागे पाणी शोषायचे कमी होतात.

आधीचे डाग असतील तर?

गाडी धुवायला घेण्यापूर्वी ग्राहकाला सोबत घेऊन एक फेरी मारा. जुने डाग दाखवा, मोबाइलवर फोटो काढा. नाहीतर ते तुमच्या नावावर जमा होतात!

ताजे डाग काढायला पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घ्या. आधी कोपऱ्यात थोड्या जागी लावून बघा. सावलीत, गार पत्र्यावर लावा, मिनिटभराने भरपूर पाण्याने धुवा आणि पुसा. आम्लात क्षार विरघळतात, म्हणून हे चालतं. तरीही खूण राहिली तर डाग रंगात उतरलाय. तिथे पॉलिशच लागेल. तसं स्पष्ट सांगा आणि त्याचा दर वेगळा सांगा.

एक गोष्ट विसरू नका

डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर झालेला आहे. सेंटर टाकण्याआधी ग्रामपंचायत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे कोणत्या परवानग्या लागतात ते विचारा. साबणाचं, तेलकट पाणी शेजारच्या वाडीत किंवा ओढ्यात सोडू नका. गाळ आणि तेल अडवणारी टाकी पहिल्या दिवसापासून बांधा. शेजाऱ्याची विहीर खराब झाली तर धंदा टिकणार कसा?

या आठवड्याचा गृहपाठ

तुमचं पाणी मोजा आणि आकडा वहीत लिहा. एकाच गाडीचं अर्धं बॉनेट नेहमीसारखं पुसा, अर्धं वरच्या पद्धतीने. वाळल्यावर दोन्ही बाजू तुमच्या पोरांना उन्हात दाखवा. फरक डोळ्यांना दिसला की पुन्हा सांगावं लागणार नाही.

चला, लागा कामाला!